डब्यावरच्या माश्या

श्रावणातली संध्याकाळ होती. काकांनी पडवीत माझ्या पुढ्यात एक पिशवी ठेवली आणि म्हणाले, "वाच गो, गुंठ्याला किती टाकायचं ते. मला हल्ली ही बारीक अक्षरं लागत नाहीत." एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं, दुसऱ्याचं पाऊस सरल्यावर करायचं ठरलंय. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, खुंटीला टांगलेल्या रेनकोटातून पाणी ठिबकत होतं, आणि ओल्या मातीच्या, शेणाच्या त्या ओळखीच्या वासात पिशवीचा उग्र वास मिसळला होता. भातावरच्या खोडकिड्याचं दाणेदार औषध. कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. मी पिशवी बल्बखाली धरली आणि मोठ्याने वाचलं : कारटॅप हायड्रोक्लोराईड, ४ टक्के. हेक्टरी १८ ते २५ किलो, म्हणजे गुंठ्याला साधारण दोनशे ग्रॅम. काकांनी मनातल्या मनात त्याच्या मुठी केल्या आणि पिशवी उचलून नेली. मी मात्र तशीच बसून राहिले. हे नाव मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. सागरी जीवांपासून मिळणारी गंधकयुक्त संयुगं हा धडा दरवर्षी शिकवते, त्यात अर्धा तास या नावाचा असतो. पण ते आमच्याच पडवीत, आमच्याच भाताच्या वाटेवर असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी औषध मारलं. मी मागे लागून त्यांच्या हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, नाकातोंडावर फडकं बांधायला लावलं. ते हसले, पण बांधून घेतलं. खाचरात चार बोटं पाणी कोंडून ठेवलं होतं. दाणे पडताना पाण्यावर बारीक टपटप व्हायची. हे पाणी निदान तीन-चार दिवस बांधाबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढं काकांनाही ठाऊक होतं; बांधाची खांड त्यांनी दोन्ही हातांनी चिखल थापून बुजवली, वर दगड ठेवला. आणि त्या रात्री पाऊस असा कोसळला की पहाटे काका उठून गेले तेव्हा दगडासकट बांध वाहून गेला होता. पाणी खालच्या खाचरात, तिथून पऱ्यात, आणि आमचा पऱ्या पुढे जाऊन खाडीलाच मिळतो. फुटलेल्या बांधाखाली एक डबकं साचलं होतं. त्यात बोटाच्या पेराएवढे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मी मोजले. अकरा होते.

काका काही बोलले नाहीत. फावड्याने माती ओढत राहिले.

कारटॅप माशांना विषारी आहे, हे मी शिकवतानाही सांगते. पण सांगणं आणि मोजणं यांत फरक असतो. त्यातला एक मासा मी तळहातावर घेतला. अजून मऊ होता, अंगावरचा चंदेरी पट्टा ओला, तोंड किंचित उघडं. आणि मला गेले दोन दिवस जे टोचत होतं ते नेमकं काय, ते त्या क्षणी कळलं. हे विष मुळात समुद्राचं आहे. ते चिखलातल्या एका किड्याच्या अंगात तयार होतं. माणसाने ते तिथून उचललं, त्याला नवं रूप दिलं, पोत्यांत भरलं, भाताच्या खाचरात आणलं, आणि आता ते पऱ्याने परत खाडीकडे निघालं होतं.

काका तरुण असताना सुट्टीत आम्हा पोरांना गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, न्यायचे. सुकतीला खाडीच्या मळीत गुडघाभर चिखलात उतरायचं, कोयत्याच्या टोकाने चिखल उलटा करायचा, आणि त्यातून ते किडे वेचायचे : लालसर, चपटे, ओलसर चकाकणारे, दोन्ही अंगांना केसांच्या झालरीसारखे पाय. मोठा असला तर तोंडातून जबडा बाहेर काढून बोटाला चिमटाही घ्यायचा. ते डालड्याच्या जुन्या डब्यात ओल्या चिखलासकट ठेवायचे. मला तो डबा धरायचं काम असे, कारण मी सगळ्यांत लहान आणि गळ माझ्या हाती द्यायला कुणी तयार नसे. त्या डब्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. खाडीच्या काळ्या चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास, त्यावर किड्यांचा स्वतःचा एक खारट, हिरवट वास. ऊन चढलं की डब्याभोवती माश्या घोंगावायला लागायच्या, आणि मी एका हाताने डबा नि दुसऱ्याने माश्या सांभाळत बांधावर बसून राहायची.

जपानमध्ये अशाच एका डब्यापासून या औषधाची गोष्ट सुरू होते. तिथेही मासे गरवणारे लोक गळाला समुद्रातले असे किडे लावत, त्यांना ते इसोमे म्हणतात. त्यातल्या एका जातीच्या मेलेल्या किड्यावर बसलेल्या माश्या मरून पडतात, हे त्यांच्या नजरेला आलं होतं. ते किडे हाताळणाऱ्यांना कधी डोकेदुखी, कधी मळमळ, कधी श्वास लागण्याचा त्रास व्हायचा. नित्ता नावाच्या संशोधकाने १९३४ साली त्या किड्यातून ते विष वेगळं काढलं आणि त्याला नेरेइसटॉक्सिन म्हटलं. मग मध्ये कितीतरी वर्षं गेली, युद्ध होऊन गेलं, आणि १९६२ साली ओकाइची आणि हाशिमोतो यांनी त्या रेणूची रचना उलगडून दाखवली. पुढच्या पाच वर्षांत, १९६७ साली, ताकेदा कंपनीने त्यावरून बेतलेलं कारटॅप जपानच्या भातशेतीसाठी बाजारात आणलं. मी हे सगळं शिकवताना नित्तांपासून सुरुवात करते, कारण कागदावर नाव त्यांचं आहे. पण माझं मन दरवेळी त्यांच्या आधीच्या माणसाकडे जातं. कुठल्यातरी धक्क्यावर बसलेला, गळ पाण्यात सोडून वाट बघत असलेला कुणीतरी. माशी बसली हे तर सगळ्यांनाच दिसतं. ती उठली नाही, हे त्याने पाहिलं.

रेणू एवढासा आहे. पाच कार्बन, अकरा हायड्रोजन, एक नायट्रोजन आणि दोन गंधक. कार्बनचे तीन आणि गंधकाचे दोन अणू मिळून पाच जणांचं रिंगण करतात, त्यात दोन्ही गंधक एकमेकांचा हात धरून शेजारीशेजारी उभे असतात, आणि समोरच्या मधल्या कार्बनवर नायट्रोजनचं एक शेपूट. मी त्या रात्री काकांना हे पिशवीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढून दाखवलं. त्या गंधकांच्या हात धरण्यातच सगळं आहे. अळीच्या मज्जातंतूंमध्ये एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन असतं. निरोप पोचायची जी जागा, तिथे हे विष जाऊन बसतं आणि निरोप अडतो. बरीचशी कीटकनाशकं नसा भडकवून किडीला तडफडवून मारतात. याचं तसं नाही. अळी हळूहळू स्वस्थ होते, खायची थांबते, आणि भाताच्या पोखरलेल्या पोकळ काडीत उपाशीपोटी पडून राहते. किड्यातलं मूळ विष जसंच्या तसं शेतात वापरणं शक्य नव्हतं, म्हणून रसायनज्ञांनी दोन्ही गंधकांचे हात सोडवून प्रत्येकावर एकेक टोपी चढवली. तेच कारटॅप. अळीच्या पोटात गेलं की टोप्या गळतात, गंधक मोकळे होतात, आणि समुद्रातलं ते जुनं विष तिथे नव्याने घडतं.

काकांनी चित्राकडे चष्मा वरखाली करून बघितलं. "म्हणजे टोपी घालून आत शिरतं," म्हणाले.

याहून नेमकं मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

मला त्या अकरा माशांचं वाईट वाटतं, तितकंच मला पळींज म्हणजे काय तेही ठाऊक आहे. मी पाचवीत असेन. त्या वर्षी आम्ही जया जातीचं भात लावलं होतं. गणपती होऊन गेले, भात पोटरीतून बाहेर आलं, आणि एका सकाळी आजी मला घेऊन शेतावर गेली. लांबून शेत सुंदर दिसत होतं. हिरव्या पातींमधून पांढऱ्या-पांढऱ्या लोंब्या ताठ उभ्या. मला वाटलं भात लवकर पिकलं. आजी बांधावरच थांबली. मग चिखलात उतरली, एक लोंबी दोन बोटांत धरून वर ओढली, आणि ती काहीच जोर न लावता, केस निघावा तशी, सुटून हातात आली. खालचं टोक कुरतडलेलं, काळपट. दाण्यांच्या जागी नुसती फोलं. दाणा भरला की लोंबी वाकते. ही वाकली नव्हती, कारण तिच्यात वजनच नव्हतं. आजीने दुसरी ओढली, तिसरी ओढली. पदराच्या ओच्यात त्या गोळा करत ती पूर्ण खाचर फिरली, जणू वेचून काढल्या तर बाकीचं वाचेल. त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे रेशनच्या तांदळाची पेज शिजायची आणि तिचा वास घरच्या पेजेसारखा यायचा नाही. ज्याने ते पांढरं शेत बघितलंय त्याला हातातली पिशवी खाली ठेव असं मी कुठल्या तोंडाने सांगू? खोडकिड्याचा पतंग पातीच्या शेंड्याजवळ अंडी घालतो, म्हणून आमच्याकडे लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडतात. कापणी अगदी जमिनीलगत करतात, धसकटं राहू देत नाहीत. काकी हे सगळं अजून करते. शेंडे खुडताना तिच्या बोटांचा वेग बघण्यासारखा असतो. पण लावणीला माणसं मिळत नाहीत, जी मिळतात त्यांना घाई असते, आणि मग पिशवी येते.

त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. पाऊस ऐकत पडून राहायची. आणि हा पाऊस ऐकतानाही मन त्याच वाटेने जायचं, कारण पावसातही समुद्राचा गंधक असतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जवळजवळ २.७ ग्रॅम सल्फेट असतं. जमिनीवरच्या जीवांना गंधक जपून वापरावा लागतो, समुद्रातल्या जीवांच्या तो दाराशीच असतो, आणि ते त्याचं काय काय करतात! पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांच्या पेशींत गंधकाचं एक संयुग साठवलेलं असतं. पेशी फुटली, कुणी ती खाल्ली, की त्याचं डायमिथाइल सल्फाइड होतं, आणि ते हवेत उडतं. आपण किनाऱ्यावर उतरल्या-उतरल्या छाती भरून घेतो आणि म्हणतो, आला समुद्राचा वास, त्यातला मोठा भाग हा. मोकळ्या समुद्रावर फिरणारे काही पक्षी याच वासाच्या मागावर आपलं अन्न शोधतात, हे गॅब्रिएल नेव्हिट या अमेरिकन बाईंनी १९९५ साली दाखवून दिलं. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मंडळींनी आपल्या अरबी समुद्रातलं डायमिथाइल सल्फाइड मोजलेलं आहे. हवेत गेलं की त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, आणि अशा कणांवर वाफ बसून ढगांचे थेंब धरतात. १९८७ साली चार शास्त्रज्ञांनी तर म्हटलं की पृथ्वीचं तापमान सावरण्यात या शैवालांचा हात असावा. ते तितकं सरळ नाही, असं पुढच्या अभ्यासातून दिसलं. पण थेंबाच्या पोटात समुद्रातल्या जीवाचा गंधक असू शकतो, एवढं खरं आहे. कौलांवर कोसळणाऱ्या, आमचा बांध फोडणाऱ्या त्या पावसातही तो असेल. खाडीच्या चिखलाचा तो सडक्या अंड्याचा वासही गंधकाचाच. चिखलात हवा पोचत नाही तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चुलीत केस पडला की येणारा वासही त्याच घरातला, कारण केसाला ताठपणा देतात ते एकमेकांचे हात धरलेले गंधकच.

आईच्या शेवटच्या वर्षात मी या गंधकांबद्दल फार वाचलं. कारण वेगळं होतं. तिचं दुखणं हाडात शिरलं होतं आणि मॉर्फिनही पुरेना झालं होतं. तेव्हा मला कोनस नावाच्या सागरी गोगलगायीच्या विषापासून आलेल्या झिकोनोटाइडबद्दल कळलं. पंचवीस अमिनो आम्लांची इवलीशी साखळी, आणि तिला घट्ट गाठ मारून ठेवणाऱ्या गंधक-गंधकाच्या तीन जोड्या. ती गोगलगाय त्या विषाने मासा जागच्या जागी लुळा करते. माणसाच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात तेच थेंबथेंब सोडलं तर वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. अमेरिकेत २००४ साली त्याला मान्यता मिळाली. आईपर्यंत ते पोचण्यातलं नव्हतंच, आणि मी डॉक्टरांना विचारलंही नाही. पण रात्री तिच्या उशाशी बसून मी ते वाचायची आणि मला बरं वाटायचं. कुठल्यातरी समुद्राच्या तळाशी कुणीतरी वेदना थांबवण्याची युक्ती लाखो वर्षांपूर्वीच शोधून ठेवलीय, एवढ्यानेच. पडवीतल्या पिशवीनंतर मला तेच पुन्हा आठवलं. निरोप अडवायचा : एकाने आईच्या हाडातला, एकाने अळीच्या अंगातला, आणि त्या रात्री डबक्यात, नको त्यांचाही.

मी हे काकांना नीट सांगायचं ठरवलं. रात्री जेवण झाल्यावर, काकी भांडी घासत होती तेव्हा, मी त्यांना जपानच्या किड्याची सगळी गोष्ट सांगितली. गरवणारे लोक, मेलेला किडा, माश्या. काका सुपारी कातरत होते. अडकित्ता मध्येच थांबला.

"मग आपल्या डब्यावर माश्या घोंगावायच्या त्या?"

मी म्हटलं, तो किडा वेगळ्या जातीचा, जपानचा.

"ते असेल. पण आपल्या डब्यावर बसलेल्या माश्या उठायच्या का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "डबा तुझ्या हातात असायचा."

मला उत्तर देता आलं नाही. मी त्या माश्या हातांनी हाकलल्या होत्या, त्यांचा राग केला होता, एकदा तर डबाच फेकून दिला होता आणि काकांकडून धपाटा खाल्ला होता. पाच-सहा वर्षांच्या सुट्ट्या मी त्या डब्याशेजारी बसून काढल्या. पुढे रसायनशास्त्र शिकले, शिकवलं, त्या किड्याच्या जातभाईचं विष फळ्यावर काढलं. आणि एक माशी बसल्यावर तिचं पुढे काय झालं, हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. काका पुढे काही बोलले नाहीत. सुपारी तोंडात टाकून झोपायला गेले.

बांध त्यांनी दुसऱ्याच दिवशी नीट बांधून काढला होता, या खेपेला आतून बांबूच्या खुंट्या मारून. डबकं आटलं होतं. मासे बगळ्यांनी नेले की कुत्र्यांनी, कळलं नाही. त्यांनी ते खाल्ले असतील तर, याचीही मला काळजी वाटत राहिली. पऱ्याचं पाणी गढूळ, भरून वाहत होतं. मी रोज सकाळी पुलावर उभी राहून खाली बघायची. चौथ्या दिवशी दगडाच्या आडोशाला बारीक माशांचा एक घोळका दिसला, प्रवाहाकडे तोंड करून, जागच्या जागी शेपट्या हलवत. ते वरून आलेले की वाचलेले, कोण जाणे. मी काकांना येऊन सांगितलं. "असू देत," म्हणाले, पण चहा पिऊन स्वतः बघून आले.

निघायच्या दिवशी पाऊस उघडला. एसटी दुपारची होती. सकाळी मी बॅग भरत होते तर काका अंगणात चिखलाने माखलेले पाय घेऊन उभे. हातात कोयता आणि नारळाची करवंटी. पंचाहत्तरीतला माणूस, एक डोळा नीट नाही, सुकती साधून एकटा मळीत उतरून आला होता. करवंटीत पाच-सहा किडे होते, लालसर, एकमेकांत गुंतलेले, आणि तो वास. चाळीस वर्षांनीही तोच. मी म्हटलं, "काका, पाय घसरला असता म्हणजे?" त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. करवंटी गडग्यावर उन्हात ठेवली, किडे मरू दिले, त्यावर पाणी शिंपडलं नाही. काकी आतून विचारत होती, चहा टाकू का? कुणीच उत्तर दिलं नाही. आम्ही गडग्याशी दोन पाट टाकून बसलो. ऊन हळूहळू तापत गेलं, चिखलाला कडेने भेगा पडायला लागल्या. बऱ्याच वेळाने एक माशी आली. करवंटीच्या काठावर बसली, पुढचे पाय एकमेकांवर घासले, मग आत उतरली आणि किड्याच्या अंगावर जाऊन थांबली. मी पुढे वाकले. काकांनी माझा हात धरून मागे ओढलं, सावली पडू नये म्हणून.

"ही तुझी," ते हळूच म्हणाले. "दुसरी आली की ती मी बघतो."